कॅमेऱ्यापुरती भिंत

चित्र आलं, पण आवाज आला नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर नाशिकचे भगवंतराव तोंड हलवत होते, शेजारी त्यांची मुलगी आरती मान खाली घालून बसली होती, आणि इकडे बार्शीटाकळीजवळच्या आपल्या घरात मैनाबाई हात जोडून तशाच ताटकळल्या होत्या.

“काहून रे मोईज, मुके झाले का काय हे लोक?”

मोईज मैनाबाईंच्या मुलाचा, श्यामचा दोस्त. तालुक्याला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. लॅपटॉप त्याचाच, आणि पडद्याच्या माथ्यावर चिमट्यानं बसवलेला नवा कॅमेराही त्यानंच खास अकोल्याहून आणलेला.

“व्हायरस लागला होता काकू, म्हणून काल सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकली. आवाजाचा ड्रायव्हर टाकाचा राहून गेला. आता नेटवरून उतरवून राहिलो. तोवर ना त्याईचं आपल्याले ऐकू येनार, ना आपलं त्याईले.”

मैनाबाईंचा जीव टांगणीला लागला. श्यामचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. त्या वर्षांत शेती करणारा मुलगा म्हटला की मुलींचे बाप चहालाही न थांबता उठायचे. शिपाई चालेल पण शेतकरी नको, असं तोंडावर सांगायचे. भगवंतराव मूळचे इकडचेच, रिद्धपूरकडचे, आता नाशिकला कारखान्यात. त्यांनी निदान कॉम्प्युटरवरून मुलगा आणि घर बघायचं कबूल केलं होतं. बरं वाटलं तर येऊ, नाहीतर रामराम.

म्हणून मैनाबाईंनी कंबर कसली होती. आणि आता ऐकू जात नाही म्हटल्यावर त्यांना उलट हायसंच वाटलं. शेवटच्या तालमीला आयती सवड मिळाली. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून त्या म्हणाल्या, “श्याम, डावीकडं सरकू नोको. तिकडं भिंतीचे पोपडे निघाले हायेत. कॅमेऱ्यात दिसते तेवढीच रंगवली मी.”

तेवढी मात्र दृष्ट लागण्यासारखी रंगवली होती. छान पोपटी.

“अन् फ्रिजले टेकू नोको. शेजारच्या पार्बताबाईचा हाय, संध्याकाळी वापस द्या लागते.”

पडद्यावर आरतीनं ओढणी तोंडाशी धरली. तिचे खांदे हलत होते.

“पोरगी हसरी हाय,” मैनाबाई खूश झाल्या.

“बाप मातर खडूस दिसते,” श्यामचे वडील खुशालराव म्हणाले. बायकोनं त्यांना तोंड उघडायला बंदी केली होती, पण पलीकडं काही पोचत नाही म्हटल्यावर त्यांचीही जीभ सैल सुटली. “मिशीले कलप लावते. मी सांगतो तुले.”

भगवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग आपल्या कानाकडे बोट दाखवून ते जोरजोरानं मान डोलवू लागले.

“बिचाऱ्याले ऐकू येऊन नाई राहिलं,” मैनाबाई कळवळल्या. मग पुन्हा मुलाकडे वळल्या. “विहिरीचं विचारलं तर बारमाही पानी हाय म्हन. अन् नोकरीचं विचारलं तर म्हन, अकोल्याले कंपनीत बोलनं चालू हाय.”

श्याम एकदम उसळला. “मी नाई म्हननार, आई! विहीर आटली हाय. कंपनी गिंपनी काई नाई. मी कपाशी लावतो, तेच सांगीन. त्या पोरीनं इथं यावं अन् मंग विहिरीत डोकावून रडावं, हे नाई पायजे मले.”

“मंग बस जन्मभर एकटा!” मैनाबाईंचं हसू गळून पडलं आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. “मले का खोटं बोलाची हौस हाय रे? मी गेल्यावर तुले गरम भाकर कोन देईन, याच्यानं झोप नाई लागत मले.”

श्याम वरमला. “मी शिकतो भाकर कराले,” तो हळूच म्हणाला.

पडद्यावर आरती हसायची थांबली होती. ती टक लावून समोर पाहत होती.

“चित्र अटकलं का रे मोईज?”

इतक्यात लॅपटॉपमधून टुंग असा आवाज झाला. “आला, काकू, आला!” मोईज ओरडला.

मैनाबाईंनी घाईनं डोळे पुसले, पदर सावरला आणि ठेवणीतली शहरी मराठी बाहेर काढली. “नमस्कार! आमचा आवाज येतोय का आपल्याला?”

“येते ना जी,” भगवंतराव म्हणाले. “पहिल्यापासून येऊन राहिला. कवाचा कान दाखवून सांगून राहिलो मी. अन् कलप नाई लावत हो, खुशालराव. काळीच हाय मिशी माही.”

खुशालराव उठले आणि पार्बताबाईचा फ्रिज उघडून आत काहीतरी शोधू लागले.

मोईजनं कॅमेरा हातात घेऊन उलटापालटा केला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. “काकू, याचा माइक याच्यातच हाय वाटते. त्याले लॅपटॉपचा आवाजाचा ड्रायव्हर लागतच नाई.”

मैनाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पोपडे गेले, फ्रिज गेला, विहीर गेली, सगळंच नाशिकला जाऊन पोचलं होतं. आणखी एक स्थळ हातचं गेलं. आता निदान तोंड तरी दिसू नये म्हणून त्यांनी लॅपटॉपचं झाकण धरलं.

“थांबा, बंद नका करू,” आतून आरतीचा आवाज आला. “आई, बाकीची भिंत आता घाईनं रंगवू नका. कोनता रंग लावाचा, ते मी घरी आल्यावर सांगीन.”