सात नंबरचा हेडसेट

“तू हो पुढे, मी आलोच,” नवरा रोज म्हणायचा. मग दोघं हेडसेट चढवून आभासी तळ्याकाठी भेटत आणि त्यानंतरच दुकान उघडत.

हेडसेट भाड्याने द्यायचं दुकान. गिऱ्हाइकांच्या घामाने भिजलेल्या, डोळ्यांभोवती टेकणाऱ्या फोमच्या गाद्या ती पुसते.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली. त्याचा सात नंबरचा हेडसेट बॅटरी काढून कपाटात ठेवलाय. तरी तो तळ्याकाठी येतोच. तिने कधी विषय काढला नाही. काढला आणि उद्या आलाच नाही तर?

आज दुपारी तिने सहज कपाट उघडलं. सात नंबरची गादी घामाने ओली होती, कोमट.

ती तशीच आपला हेडसेट चढवून तळ्याकाठी गेली.

“काय गं, मिठाची गुळणी धरलीस का?” तो हसला.

“अहो,” ती म्हणाली, “तुमचे डोळे मी माझ्या हातांनी मिटले होते.”