आईनं विसळलेला कप

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमधल्या त्या हॉटेलात काउंटरपाशी फक्त गोरे बसायचे. आम्ही चौघे काळे विद्यार्थी रविवारचे सूट घालून तिथं बसलो आणि कॉफी मागितली. एका गोऱ्यानं मागून माझ्या डोक्यावर साखर ओतली. चर्चच्या तळघरात महिनाभर तालीम केली होती. हात उचलायचा नाही, वळूनही बघायचं नाही. माझी आई तिथंच, मागच्या मोरीत, अकरा वर्षं कपबशा विसळत होती. मालक ओरडला, “ओडेसा, पोराला हाकल, नाहीतर तूही चालती हो!” ती एप्रनला हात पुसत आली. “किती वेळा सांगायचं तुला, रूफस?” ती काउंटरच्या आतून येऊन माझ्यासमोर थांबली. “काउंटरवर कोपरं टेकायची नाहीत! ताठ बस.” तिनं स्वतः विसळलेला कप माझ्यापुढे ठेवून कॉफी ओतली, एप्रन सोडून मालकाच्या हातात दिला आणि त्या साखरवाल्याला म्हणाली, “राहू द्या साहेब, हा बिनसाखरेची पितो.”