पूजलेलं यंत्र

इस्पितळातल्या जुन्या आया गिरिजम्मांनी कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, पडद्याला झेंडूची माळ घातली आणि म्हणाल्या, "झालं बाबा. आता उद्या दसरा झाला की परवाच हात लावायचा याला."

लोहितला आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या यंत्राबद्दल प्रेम वाटलं.

इंजिनिअर झालेला पोरगा. अर्सिकेरेच्या खासगी इस्पितळात सरकारी विमा योजनेच्या मंजुरीच्या खिडकीत बसायचा. रोग्याचे कागद घ्यायचे, यंत्रात घालायचे, बेंगळुरूला पाठवायचे. तिकडून होकार आला की ऑपरेशन. पुन्हा पुढचा कागद. जांभया देऊन देऊन जबडा दुखायचा. मित्र विचारायचे, काय करतोस रे, तर हा विषय बदलायचा. घरीही खिडकीचं त्याने कधी सांगितलं नव्हतं. "आत असतो, ऑफिसात," एवढंच. नोकरी सोडावी तर दुसरी कुठाय? धरून ठेवावी तर जीव रमत नव्हता.

प्रसादाचे चुरमुरे वाटून गिरिजम्मा घरी गेल्या. लोहित कुलूप शोधत होता, तोच खिडकीशी एक म्हातारा आला. खांद्यावर कांबळं, हातात कागदांची पिशवी.

"स्वामी, बायको पडली माझी. पूजेसाठी अंगण धूत होती, पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलंय. डाक्टर म्हणतात, तुम्ही कागद पाठवलेत की दाखल करून घेतो."

दहा मिनिटांचं काम. फार तर पंधरा. लोहितने यंत्राकडे पाहिलं. ती माळ काढायची, कुंकू पुसायचं, पुन्हा तेच रटाळ रकाने भरायचे. नको वाटलं त्याला. सरळ नको वाटलं.

"आज आयुधपूजा, अज्जा. यंत्र पूजलंय. परवा या."

म्हातारा भांडेल, असं त्याला वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. पण म्हाताऱ्याने माळेकडे पाहून हात जोडले.

"खरंय, स्वामी. माझाही नांगर सकाळीच पूजलाय. पूजल्यावर हात कसा लावायचा?" आणि पिशवी काखेत मारून तो पायऱ्या उतरला.

हाक मारावी, असं लोहितच्या ओठांवर आलं. मग त्याने खिशातला फोन काढला. फोनला काही कुणी कुंकू लावलं नव्हतं. एक विनोदी चित्रफीत पाहिली, हसू आलं नाही. दुसरी लावली. मग कुलूप लावून तो मित्रांबरोबर सिनेमाला गेला. पडद्यावर काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. सारखे ते जोडलेले हात दिसत होते.

दिवेलागणीला घरी आला तर दारात रिक्षा नाही. अम्मा उंबऱ्यात धुमसत बसलेली.

"सकाळी रिक्षा पूजली, चाकाखाली लिंबू फोडलं, आणि दुपारी हा माणूस माळा उपटून गेला! चाळीस वर्षं संसार केला, पण या माणसाची खोड काही जाईना."

तेवढ्यात अप्पांची रिक्षा आली. अंगभर धूळ, चेहरा उतरलेला. चूळ भरून ते पायरीवर टेकले.

"ओरडू नकोस गं. म्हातारीचा खुबा मोडलेला. सगळ्या स्टँडवर गाड्या पूजलेल्या, एकजण हलेना. अज्जा तरी कुणाला विनवत होता? नुसता उभा. म्हणत होता, सगळ्यांचं बरोबरच आहे. मग मलाच राहवेना. म्हटलं, देवी समजून घेईल, म्हातारीचं हाड नाही समजून घेणार. हासनच्या सरकारी इस्पितळात नेऊन घातली. बैलगाडीच्या चालीनं गेलो, तरी प्रत्येक खड्ड्याला किंचाळत होती. पदराचा बोळा तोंडात धरून."

"वाचेल ना?" लोहितने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"वाचेल रे. उद्या ऑपरेशन आहे. पण चाळीस किलोमीटर तिला कशासाठी खडखडवली? इथल्याच इस्पितळात होत होतं. तिथल्या खिडकीत कुणी एक मेला बसलाय, यंत्र पूजलंय म्हणून हाकलून दिलं त्यानं. पुढ्यात असता ना, तर..." अप्पांनी वर उचललेला हात तसाच खाली घेतला. "आणि अज्जा त्याचीच बाजू घेतोय! म्हणे, पोरगा धर्म पाळणारा आहे."

लोहितच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, असं वाटलं त्याला. अप्पा, तो मीच. तीन शब्द. त्याने तोंड उघडलं.

"अहो, पण आपला लोहित तिथंच असतो की!" अम्मा म्हणाली.

"तेच तर सांगितलं मी अज्जाला," अप्पांनी लोहितच्या पाठीवर धुळीचा हात ठेवला. "म्हटलं, तुमचं नशीबच फिरलेलं, नेमका माझा पोरगा समोर नव्हता. पुन्हा कधी वेळ आली तर त्या खिडकीवाल्याच्या तोंडी लागू नका. लोहित कुठाय, एवढंच विचारा."