दाराला न कळलेलं उत्तर

“उत्तर समजलं नाही,” दार पुन्हा म्हणालं. शहरातली सगळी दारं आता सर्व्हरला विचारूनच उघडत, आणि दारांचा तो प्रोग्राम शाल्मलीनेच लिहिला होता. पलीकडच्या खोलीत तिचे बाबा दम्याने धापा टाकत होते. त्यांचा पंप मात्र तिच्या हातात होता.

“बाबा, घाबरू नका, आलेच मी!”

तिने मोबाइलवर सर्व्हरचं उत्तर तपासलं. ‘उघड’ होतंच, पण नव्या अपडेटने त्याआधी कसलीशी सूचना चिकटवली होती. दाराला मात्र नुसतं ‘उघड’ एवढंच कळायचं. तिने सूचना बंद केली.

दार उघडलं. पंप घेतल्यावर बाबांचा जीव भांड्यात पडला.

“दार पुन्हा लावू नकोस गं.”

तिने दारात खुर्ची अडकवली. शेजारच्या घरांतूनही दारांकडे फर्निचर ओढल्याचे आवाज येऊ लागले.