दिवे विझव आधी

मुलीच्या दारात पाय ठेवणार नाही, असं आईने तिच्या लग्नात चारचौघांत सांगितलं होतं, आणि शब्दाला ती पक्की होती. म्हणून तर सलग चौथ्या रविवारी तिचे दोन्ही पाय मुलाच्या गाडीत होते आणि गाडी मुलीच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी होती. कुणी बघितलंच तर पळता यावं म्हणून इंजिन चालू ठेवायचं, हाही तिचाच हुकूम.

दिवस मावळला आणि दर वेळेसारखे गाडीचे दिवे आपोआप लागले. उजेड थेट समोरच्या पायऱ्यांवर.

"विझव मेल्या! वरात काढतोस का माझी?"

"आई, इंजिन चालू असलं की ते माझं ऐकत नाहीत."

"तुझीच गाडी ती. तुझ्यावरच जाणार."

समोरचं दार उघडलं. तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन मुलगी पायऱ्यांवर आली. आई सीटवर खाली सरकली, पण डोळे काही खाली जाईनात. मुलगा या वेळी गाडीचं पुस्तक वाचून आला होता. त्याने हँडब्रेक ओढला, दिव्यांचं बटण फिरवून तसंच धरून ठेवलं, आणि एकदाचे दिवे विझले.

आईचा जीव भांड्यात पडला. पण बाळही दिसेना, तशी तिची चुळबुळ सुरू झाली.

तेवढ्यात पायऱ्यांवरून मुलगी ओरडली, "दादा, दिवे लाव रे! दर रविवारी मी याला घेऊन काय हवा खायला उभी राहते? अंधारात आजीला नातू कसा दिसायचा?"