घराचं नाव

कोच्चीच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात वेबसाइटचा सर्च तपासायचा तर जो तो आपल्या घराचं नाव टाकायचा. ते दुसरं कोण शोधायला बसलंय?

प्रसीताने आपल्या घराचं नाव 'कल्लुवळप्पिल' टाकलं. बाकी ब्राउझरांत काहीच सापडलं नाही. ज्या एका ब्राउझरात सर्च बिघडल्याची तक्रार आली होती, त्यात मात्र तिच्या घराचा फोटो आला. फाटकापाशी छत्री धरून एक माणूस उभा होता.

तिने हिस्टरी पुसून पुन्हा शोधलं. माणूस अंगणात आला होता.

तिने घरी फोन लावला. "अम्मा, दारात कोणी आहे?"

"भर दुपारी कोण येतंय? जेवलीस का?"

तिने पुन्हा शोधलं. अंगण रिकामं होतं. पायरीपाशी मिटलेली छत्री होती.

"अम्मा, दार लावून घे."

"थांब गं." अम्माचा आवाज फोनपासून लांब गेला. "या, बसा ना. प्रसीता सहाला येते."