सुनेचं कुरण

"सासूच्या आंघोळीला पाणी नाही, आणि चितळांच्या टाक्यात आधी हंडा ओततेस!" मी सुनेला रोज ऐकवायचे. जंगलाकडच्या आमच्या वावरातली घाणेरीची रानटी झुडपं तिनं उपटली, गवत राखलं आणि मला विळाही लावू दिला नाही. म्हणे, पाडसांना लपायला आडोसा हवा, नरांना भरायला वर्षं हवीत. अगं, नवऱ्याचं इतकं केलं असतंस तर तोही जरा अंगानं भरला असता!

आज दीर आले, हातात तारेचे फास घेऊन. "वहिनी, तुमच्या गवतात मोठा नर आहे. फास लावतो, मटणाचा वाटा पाठवीन."

तेवढ्यात तो गवतातून वर आला. शिंगं माझ्या हाताएवढी लांब. त्याला शिंगांचे कोंब फुटले तेव्हापासून मी शिव्या घालत होते, आणि हा घरच्या बैलासारखा माझ्याकडे बघत उभा.

"भाऊजी, जन्मात एक शेळी धड पोसली नाहीत, आणि दुसऱ्यानं वाढवलेलं कापायला बरे पुढे येता! फास इथंच टाका. पुन्हा बांधावर दिसलात तर वनखात्याला मीच बोलावीन."

दीर पाय आपटत गेले. सून पदराआड हसत होती.

"दात काय काढतेस? त्याचं टाकं भरलंस का?"